तिसरी खूण

दाखल्यांच्या खिडकीमागे बसलेल्या कारकूनबाईंनी माझा अर्ज वाचता वाचता हातातलं बॉलपेन टेबलावर उभं धरलं. टोक खाली टेकलेलं, टोपण वर, मनगट सरळ. मग काचेच्या भोकातून माझ्याकडे बघून त्या हसल्या, बऱ्याच दिवसांनी ओळखीचं माणूस भेटल्यावर हसतात तसं. मी त्यांना ओळखत नव्हते. पेन मात्र ओळखलं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि खाली सपाट जमीन लागावी, तसं झालं. बत्तीस वर्षांत ती खूण मी कुणाच्याही हातात पाहिली नव्हती, आणि त्याआधी ती फक्त माझ्याच हातात होती. निदान आजवर मी तसंच धरून चालले होते.

आई जाऊन एकवीस दिवस झाले होते. तिच्या मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती हव्या होत्या. अर्ज मी घरूनच भरून आणला होता, स्वच्छ अक्षरात, कारण कागद नीट भरलेला असला की माणसं फार प्रश्न विचारत नाहीत. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची नोंदणी करते. दिवसभर फारसं बोलावं लागू नये म्हणून ही नोकरी मी विचार करूनच घेतली. पण अर्जात मृत व्यक्तीच्या व्यवसायाचा एक रकाना होता, त्यात मी निवृत्त शिक्षिका असं लिहून पुढे शाळा लिहिली होती, आणि कारकूनबाई नेमक्या तिथं थांबल्या होत्या. विज्ञान शिकवायच्या त्याच ना या, पुन्हा-सांग-सावकाशवाल्या बाई, असं त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता आपण कसला अर्ज वाचतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. हसू चेहऱ्यावरच थिजलं. पेन अजून उभंच होतं. "बाई गेल्या?" त्यांनी विचारलं. "आम्हाला कुणी कळवलंच नाही." जणू कळवणं माझं काम होतं आणि ते राहून गेलं. कदाचित होतंही.

मग त्या भोकाच्या जवळ सरकल्या. चाळिशीच्या अलीकडच्या असाव्यात, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. म्हणाल्या, म्हणजे तुम्ही त्यांच्या मुलगी, म्हणजे पहिल्या पेनवाली. पेनवाली हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते, पण त्यांनी तो असा उच्चारला की जसा वर्गाचा मॉनिटर असतो किंवा गाण्याच्या चमूत पेटी वाजवणारी असते. त्यांच्या वर्गात म्हणे पेनवालीचं वेळापत्रक होतं, फळ्याच्या शेजारी चिकटवलेलं. त्यांचा बुधवार. बुधवारी त्यांनी आजारी पडायचं नाही, पडायचंच झालं तर आदल्या दिवशी गुरुवारवालीशी बोलून ठेवायचं. "आणि आम्ही कधीकधी फसवायचो पण हो," त्या म्हणाल्या. त्यांच्या वर्गात एक ढब्बू होता, त्याचं उत्तर कधीच बरोबर यायचं नाही. एकदा त्याची दया येऊन ह्यांनी पेन उभं केलं. बाईंनी पेनाकडे पाहिलं, ढब्बूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, बुधवार, तुझं पेन आज वाकलेलं दिसतंय. सगळा वर्ग हसला, ढब्बू सगळ्यात जोरात. हे सांगताना कारकूनबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, मग चष्माही पुसला. "आम्ही आठवड्यातून दोनदा तरी चुकायचो. पण बाई सांगायच्या, माझी मुलगी पहिली पेनवाली होती आणि ती एकदाही चुकली नाही. खरं का हो, ताई? एकदाही नाही?"

मी हो म्हणाले. साधं, स्वच्छ हो, अर्जातल्या अक्षरासारखं. कारकूनबाईंनी समाधानानं मान हलवली, साहेब जेवायला उठायच्या आत सही गाठायला हवी असं म्हणाल्या आणि मला समोरच्या बाकावर बसायला सांगून आत गेल्या. मी बसले. बाक लाकडी होता, पाठ नसलेला, शाळेत असायचा तसाच अरुंद.

मी आठवीत गेले त्या वर्षीची सुट्टी आईनं तापात काढली. ताप लांबला, दवाखाना झाला, इंजेक्शनं झाली, आणि ती बरी होऊन घरी आली तेव्हा तिचे कान हळूहळू ओसरायला लागले होते. आधी पक्षी गेले, मग दाराची घंटा, मग शेवटच्या बाकांवरची मुलं. समोरचं माणूस उजेडात तोंड करून बोललं तर ओठांवरून तिला बरंचसं कळायचं. ते ती आपलं आपणच शिकली होती, आरशासमोर उभी राहून, स्वतःच्याच ओठांवर. शाळेत तिनं सांगितलं नव्हतं. त्याच शाळेत एका शिक्षकांचा आवाज गेल्यावर त्यांना वर्ग काढून घेऊन कार्यालयात हजेरीपत्रकं शिवायला बसवलं होतं, आणि मधल्या सुट्टीत ते दारात उभे राहून पटांगणाकडे बघायचे, ते आईला दिसायचं. एका रविवारी दुपारी तिनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, माझं हिरव्या टोपणाचं पेन घेतलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी मुलांना प्रश्न विचारीन, म्हणाली, लांबच्या बाकावरून कुणी उत्तर दिलं आणि मला कळलं नाही तर मी तुझ्या हाताकडे बघीन. उत्तर बरोबर असेल तर पेन उभं. चूक असेल तर आडवं. तिनं दोनदा करून दाखवलं, माझ्याकडून चारदा करून घेतलं, आणि शेवटी म्हणाली, हे आपल्या दोघींतच.

मला त्या दिवशी फार आनंद झाला होता, हेही लिहायला हवं. तेरा वर्षांच्या मुलीला आईनं आपलं गुपित द्यावं याहून मोठं काय असतं. पहिले काही महिने मी ते पेन घेऊन अशी बसायचे की जणू मीच वर्ग चालवते आहे. आणि एका परीनं चालवतही होते. पेन आडवं पडलं की आई त्या मुलाला कधी चूक म्हणायची नाही. "पुन्हा सांग," म्हणायची. "सावकाश." असं म्हणत ती बाकांच्या रांगेतून चालत त्याच्यापर्यंत जायची, कारण तिला त्याचे ओठ दिसायला हवे असायचे. मुलाला एवढंच दिसायचं की बाई आपल्याजवळ आल्या, आपल्या तोंडाकडे डोळे लावून उभ्या राहिल्या आणि आपण काय म्हणतो याची वाट बघताहेत. अशी वाट त्या वयात कुणी आमची बघत नसे. इतर तासांना चुकलेलं उत्तर म्हणजे बस खाली. इथं चुकलेलं उत्तर म्हणजे दुसरी संधी, आणि सावकाश सांगताना निम्म्या मुलांना स्वतःचीच चूक सापडायची. मधेच थांबायची, नाही बाई, नाही, थांबा, म्हणायची, आणि बरोबर सांगायची. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी एकदा शेवटच्या बाकावर बसून पूर्ण तास पाहिला आणि विद्यार्थ्यांना विचार करण्यास पुरेसा अवधी दिला जातो असा शेरा लिहिला. आईनं तो शेरा घरी आणून मला वाचून दाखवला आणि आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. तिला न ऐकू येणं हीच त्या वर्गाची शिकवण्याची रीत झाली होती, आणि ती रीत चांगली होती. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त माझा हात कळत होता.

हात आखडायचा. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला यावंच लागायचं, पण उत्तर द्यायला हात वर करता यायचा नाही, कारण तो हात कामात असायचा. खिडकीबाहेर बघायचं नाही, शेजारणीशी कुजबुजायचं नाही, डुलकी लागू द्यायची नाही. शेजारीण नव्हतीच म्हणा. बाईंच्या मुलीशेजारी कोण बसणार. वर्गात मी तिला बाई म्हणायचे, तसं ठरलंच होतं, आणि चाळीस मिनिटं ती बाई माझ्या चेहऱ्याकडे एकदाही बघायची नाही. हाताकडे बघायची. मी रडत असते तरी तिला पेनच दिसलं असतं. असं मी तेव्हा मनात म्हणायचे, आणि म्हणताना मला बरं वाटायचं, म्हणजे तेव्हापासूनच मी कुठंतरी हिशेब मांडायला लागले होते. नववीत एक उंच मुलगा आमच्या वर्गात आला. त्याला सगळे जिराफ म्हणत आणि ते त्याला आवडायचं. तो हसवायचा. शिक्षकांची चाल, शिपायाचं खोकणं, सगळं हुबेहूब. त्यानं मला बाईंचं शेपूट असं नाव ठेवलं आणि दोन दिवसांत ते सगळ्या शाळेत झालं. मला राग यायला हवा होता. मला वाटायचं की त्यानं एकदा माझ्यासाठी हसवावं, माझ्यावर नाही.

त्या दिवशी लोखंड का गंजतं हा प्रश्न होता. जिराफ खिडकीशेजारच्या बाकावर उभा राहिला. मागून ऊन येत होतं, त्याचं तोंड काळं दिसत होतं, सावलीत कापून लावल्यासारखं. वर्गात बहुतेक आधीच काहीतरी शिजलं होतं, कारण तो उभा राहताच सगळे फार शांत झाले. आणि तो उत्तर सांगतात त्याच सुरात, पाठ केल्यासारखं, मधे योग्य तिथं थांबत, म्हणाला, "बाईंना ऐकू येत नाही. बाई ठार बहिऱ्या आहेत. मी आत्ता काहीही बोललो तरी चालेल." आणि हात मागे बांधून उभा राहिला. चेहऱ्यावर अभ्यासू मुलाचा भाव असणार. मला दिसला नाही. आई माझ्या हाताकडे बघत होती.

यावर मी आयुष्यभर एक युक्तिवाद करत आले आहे. पुष्कळ वाचणाऱ्या माणसाला युक्तिवाद चांगले जमतात. मी पेन आडवं केलं असतं तर आई पुन्हा सांग, सावकाश, असं म्हणत त्याच्याजवळ गेली असती, त्याच्या ओठांकडे डोळे लावून उभी राहिली असती, आणि त्यानं ते तिच्या तोंडावर, सावकाश, शब्द शब्द करून सांगितलं असतं. म्हणजे मी तिला त्यातून वाचवलं. मी पेन उभं केलं. आई म्हणाली, "शाब्बास. अगदी बरोबर. सगळ्यांनी लिहून घ्या." आणि वर्ग फुटला. बाकं वाजली, कुणीतरी जमिनीवर लोळलं. आई फळ्याशी खडू घेऊन उभी होती आणि आपण काय विनोद केला ते शोधत सगळ्यांच्या तोंडावरून नजर फिरवत होती, आणि हसतही होती, कारण मुलं हसली की तिला हसू यायचं. मग तिची नजर पुन्हा माझ्याकडे आली. पहिल्यांदाच हाताकडे नाही, चेहऱ्याकडे. मी हसत होते.

तो युक्तिवाद पन्नाशीकडे येईपर्यंत टिकला, कारण मी त्यातली एक गोष्ट नेहमी बाहेर ठेवत आले, आत्ताही ठेवली. खुणा दोन नव्हत्या. तीन होत्या. त्या रविवारी टेबलाशी आईनं पेन उचलून कंपासपेटीत टाकलं होतं आणि पेटी बंद केली होती. ही तिसरी, म्हणाली. कुणी वेडंवाकडं बोललं, किंवा तुला स्वतःला कळलं नाही, किंवा तू दमलीस, तर पेन आत टाक. मी समजेन की हे सोडायचं, पुढे जायचं. मी काही विचारणार नाही. पेटी माझ्यासमोर उघडी होती. पेन तिच्यात पडायला काही वेळ लागला नसता. जिराफ उभा राहिल्यापासून उत्तर संपेपर्यंत मला तिन्ही खुणा दिसत होत्या आणि मी त्यांतली एक निवडली, कारण ते हसणार होते आणि मला त्यांच्यात असायचं होतं.

संध्याकाळी आई वाटाणे सोलत बसली होती. मी पलीकडे नळाशी पेला विसळत होते. तिनं विचारलं, तो उंच मुलगा काय म्हणाला होता? आवाजात काही नव्हतं, उत्सुकतासुद्धा नाही, दूध आलं का विचारावं तसं. मी नळाकडे तोंड करूनच सांगितलं की बरोबर सांगितलं त्यानं, हवा आणि पाणी. पाठ फिरवून बोललं की तिला काही कळत नाही, हे जगात माझ्याइतकं पक्कं कुणाला माहीत नव्हतं. ती थांबली. "काय म्हणालीस?" मी पुन्हा तेच, पुन्हा नळाकडेच. पाणी पेल्यातून वाहून चाललं होतं. शेंगा मोडल्याचा आवाज थांबला होता, मग पुन्हा सुरू झाला. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या पोटात दुखलं. तीन दिवस दुखत होतं. चौथ्या दिवशी मी म्हणाले की मला शेजारच्या तुकडीत जायचं आहे, तिथं माझ्या मैत्रिणी आहेत. मैत्रिणी नव्हत्या हे आईला माहीत होतं. ती बरं म्हणाली. नंतर आमच्यात पेनाचा विषय कधी निघाला नाही. सगळं बोललो, माझं लग्न, तिची निवृत्ती, तिचं कानाचं यंत्र जे तिला शिट्ट्यांशिवाय काही देत नसे, वडिलांचं जाणं. ते सोडून सगळं. शेजारच्या तुकडीत माझा बाक भिंतीलगत होता. भिंतीपलीकडे तिचा तास चालायचा. आठवड्यातून तीनदा तिथून हसू यायचं, सगळ्या वर्गाचं, बाकं वाजवून, आणि मी कानांवर तळवे ठेवून वहीत डोकं घालायचे. मला वाटायचं, रोज हसतात तिला. रोज कुणीतरी उभं राहून तसलं काही बोलतं आणि ती शाब्बास म्हणते. माझ्या जागी कुणी नाही, पेन नाही, ती अंदाजानं ओठ चाचपत फिरते आणि मुलं तिच्याभोवती नाचतात. शाळा सुटेपर्यंत दीड वर्ष मी ते हसू भिंतीतून ऐकलं. त्या वर्गातल्या मुलांशी बोलणं मी टाळायचे. आणि मला कोण येऊन सांगणार होतं? माझ्याच आईची गोष्ट मला माहीत नसेल असं कुणाच्या मनात आलं असतं?

कारकूनबाई बाहेर आल्या. साहेब फोनवर होते, फाइल टेबलावर ठेवून आल्या होत्या. खिडकीशी माणसं नव्हती म्हणून त्या काउंटरच्या फळीवर कोपर टेकून उभ्या राहिल्या आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढे सांगायला लागल्या, मी विचारलं नसताना. मीही मग बाकावरून उठून विचारलं, आवाज शक्य तितका सपाट ठेवून, की हे वेळापत्रक वगैरे नेमकं कधीपासून. तुम्ही तुकडी बदललीत तेव्हापासूनच की, असं त्यांनी सांगितलं; आमच्या आधीची मुलं सांगायची. बाई एका सकाळी वर्गात आल्या, हजेरी न घेता टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही. येत नाही. आदल्या दिवशी त्यांनी मोठ्या सरांनाही जाऊन तेच सांगितलं होतं, आणि सर म्हणाले होते की तास चांगला होतोय ना, मग झालं. पुढे दर वर्षी पहिल्या दिवशी त्या हेच सांगायच्या, निवृत्त होईपर्यंत, आणि कारकूनबाईंना ते अजून तोंडपाठ होतं. त्यांनी खांदे सरळ केले, हनुवटी किंचित वर केली. आईची हनुवटी. "ज्याला मला फसवायचं असेल त्यानं खुशाल फसवावं, फार सोपं आहे. पण एक सांगते, सोप्या गोष्टीत गंमत नसते. पहिलं पेन माझ्या मुलीनं धरलं. एकटीनं. ती एकदाही चुकली नाही. पण एकटीवर टाकायला नको होतं, ती चूक माझी. म्हणून आता तुम्ही सगळे." आणि मग नियम, कारकूनबाई म्हणाल्या. एक, बोलताना तोंड झाकायचं नाही. दोन, सगळ्यांत कडक, खिडकीकडे पाठ करून कुणी उत्तर द्यायचं नाही. उजेड तोंडावर हवा.

दुसरा नियम माझ्या वेळी नव्हता. म्हणजे तो त्या दिवसानंतरचा. ती त्या काळ्या तोंडाकडे बघत राहिली असेल, सावलीतल्या ओठांतून काही धरायचा प्रयत्न करत असेल, आणि काहीतरी तिनं धरलंही असेल. किंवा धरलं नसेल, आणि माझ्या हसण्यावरून तिला सगळं कळलं असेल. ते भिंतीपलीकडचं हसू ढब्बूंचं होतं. वाकलेल्या पेनांचं. दीड वर्ष मी कान झाकून बसले होते आणि पलीकडे ते तिच्याबरोबर हसत होते. आतून हाक आली तशा कारकूनबाई पुन्हा गेल्या. मी फळीला धरून उभीच राहिले.

कादंबऱ्यांत माणसं शेवटी काहीतरी बोलून जातात. मी पुष्कळ वाचली आहेत अशी मरणं. आई बोलली ते एवढंच, बरं. दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते, माझ्याही. तिला कुणाचेच ओठ दिसत नव्हते; चार दिवस तिच्याभोवती फक्त डोळे हलत होते. कानाचं यंत्र काढून ठेवलेलं. वहीवर लिहून दाखवावं तर चष्म्याशिवाय तिला वाचता येत नव्हतं आणि नळ्यांमुळे चष्मा बसत नव्हता. चौथ्या दिवशी डॉक्टर आले, कागद बघितले आणि माझ्याकडे वळून म्हणाले की सुधारणा आहे, आता त्यांनी थोडं स्वतःहून खाल्लं तर आठवड्यात घरी सोडू. मी नुकताच कसला तरी फॉर्म भरला होता, पेन हातात होतं. आईनं डॉक्टरांच्या मास्ककडे पाहिलं, मग माझ्या मास्ककडे, आणि मग तिची नजर खाली आली आणि माझ्या हातावर थांबली. तिथंच राहिली. वर्गात राहायची तशी. मला तिची चादर वर ओढायची होती, दोन्ही हात मोकळे हवे होते. मी पेन पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन लावली. तिनं पर्सकडे पाहिलं. मग "बरं," म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही, आणि डोळे मिटले.

औषधं आणायला दवाखान्याचा जिना उतरताना मला कळलं. दुसऱ्या वळणावर, खिडकीपाशी. तिथल्या भिंतीचा रंग कुठं निघाला आहे तेही मला सांगता येईल. परत वर जायला अर्धं मिनिट लागलं असतं, चेन उघडून पेन उभं धरायला त्याहून कमी. मी परत फिरले नाही. पेन उभं धरायचं म्हणजे पेन होतं हे कबूल करायचं, मग तो नळ, ते वाटाणे, ते ऊन, सगळं तिच्या डोळ्यांत पुन्हा उभं राहणार आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघणार. उद्या करू, असं मी ठरवलं. औषधं घेऊन आले तेव्हा ती झोपली होती. संध्याकाळचं सूप तिनं हातानं बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशीही. मी तिला चमचा दाखवत राहिले, भुवया वर करून मास्कमागून हसत राहिले, आणि पेन पर्समध्येच होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. या वयात शरीर कधीकधी आपणहून थांबतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि नवरा ते सगळ्यांना सांगतो, आणि ते खरंही असेल. मी ते खोडून काढत नाही. पण मी सोड म्हणाले आणि तिनं सोडलं, असंही ते असू शकतं. तिनं शब्द दिला होता की मी काही विचारणार नाही.

दाखल्याच्या चार प्रती आल्या. शिक्का अजून ओला होता म्हणून कारकूनबाईंनी त्या एकेक करून वाऱ्यावर धरल्या, लहान मुलाला घास फुंकून द्यावा तशा. मग पोच-वही काचेखालून सरकवली. इथं सही करा, ताई. खिडकीला लोकांसाठी ठेवलेलं पेन मी उचललं. सही केली. वही परत द्यायला हवी होती, प्रती घेऊन निघायला हवं होतं. मागे दाराशी शिपाई जेवणाच्या सुट्टीची पाटी लावत होता. कारकूनबाई म्हणत होत्या की त्या वर्गातल्या सगळ्यांना कळवतील, ढब्बूचं आता स्वतःचं दुकान आहे, तो रडेल बघा, आणि शाळेत काही ठेवलं तर तुम्ही यायलाच हवं, पहिल्या पेनवालीनं बोलायलाच हवं. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल एवढं काही होतं की मला तिथं उभं राहवत नव्हतं. मी नेहमीच्या सवयीनं पेन पर्सकडे नेलं. ते गेलं नाही. कुणी पळवू नये म्हणून त्याला दोरी बांधून काउंटरच्या खिळ्याला अडकवलं होतं, आणि दोरी माझ्या पर्सपर्यंत पुरत नव्हती.

मी ते परत आणलं आणि पोच-वहीवर, माझ्या सहीखाली, आडवं ठेवलं.

कारकूनबाई बोलायच्या थांबल्या. त्यांना वाटलं माझं काही राहिलं. "काय झालं, ताई?"

"मघाशी तुम्ही विचारलंत," मी म्हणाले. "एकदाही नाही का. मी हो म्हणाले होते."

त्यांनी पेनाकडे पाहिलं. आतून कुणीतरी त्यांना जेवायला हाक मारली, त्यांनी नुसता हात वर केला. मग खुर्ची पुढे ओढून काचेच्या भोकाशी आल्या, डोळे माझ्या ओठांवर लावले, आणि मला वाटतं त्यांनी ते ठरवून म्हटलं नाही, त्या जागी दुसरं काही म्हणता येतं हे त्यांना शिकवलंच गेलं नव्हतं.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश."

माझी पाठ मागच्या, रस्त्याकडच्या खिडकीकडे होती. मी दोन पावलं सरकले आणि उजेड तोंडावर येईल अशी उभी राहिले.